ह्यांच्या तीन होड्या

पक्षाघाताच्या झटक्यानंतर ह्यांच्याकडे एकच शब्द उरला. नाही.

चहा देऊ? नाही. पंखा लावू? नाही. आणि चहाचा कप मी परत न्यायला लागले की डाव्या हाताने माझी ओढणी घट्ट धरून ठेवायचे. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. डोळ्यांत मात्र सगळं जागच्या जागी. तेच बघवत नव्हतं.

सदाशिव पेठेत वाचेचे उपचार करणाऱ्या एक बाई आहेत. विश्रांतवाडीहून रिक्षाने ह्यांना तिथे नेणं म्हणजे अर्धा दिवस जायचा. त्या पोरसवदा होत्या, पण समजावून सांगायच्या छान. म्हणाल्या, "काकू, काकांना सगळं कळतंय. बोलायचं काय हेही आत ठरलेलं असतं. फक्त बाहेर येताना प्रत्येक शब्दाच्या जागी हा एकच शब्द येतोय. त्यामुळे त्यांच्या 'नाही'चा अर्थ 'नाही' असा धरून चालू नका."

"मग काय धरू?"

"अंदाज."

"मान हलवतात की ते."

"मानेवरही फार जाऊ नका. कधीकधी मानही चुकते."

ह्यांचे एक मित्र आहेत, टिंबर मार्केटात त्यांची लाकडाची वखार आहे. त्यांच्या आजोबांपासूनची. मी त्यांना भाई म्हणते, ते मला भाभी. हे दवाखान्यातून घरी आल्यावर सगळ्यांत आधी तेच भेटायला आले. सोफ्यावर बसले, ह्यांचं 'नाही' चार-पाच वेळा ऐकलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही पक्के पुणेकर. एकच शब्द ठेवायचा तर नेमका हाच ठेवलात." सगळ्यांत मोठ्याने हसले ते हेच. हसू शाबूत होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आता होड्यांचं सांगते.

हे इंजिनिअरिंगला असताना मुळा नदीवर वल्ही मारायचे. कॉलेजच्या संघात होते. पुढे नोकरी, लग्न, मुलगी, कर्ज, आणि नदीचंही काय झालं ते पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर एकदा जुन्या आठवणी काढायला म्हणून नदीकाठच्या एका बोट क्लबात गेले, तर तिथे फायबरच्या नव्या होड्या आल्या होत्या आणि जुन्या लाकडी होड्या चिंचेखाली पालथ्या घालून ठेवलेल्या. एकीला वाळवी लागलेली. पहारेकरी मोडक्या वल्ह्यांवर अंघोळीचं पाणी तापवत होता. हे घरी आले ते जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन गेले आणि त्यातली एक होडी सोडवून आणली.

आणली खरी, पण ठेवणार कुठे? आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. मग मांजरी गावात एका शेतकऱ्याची ओळख निघाली. त्यांचं गुऱ्हाळ बंद पडलं होतं, पत्र्याची लांबलचक शेड रिकामी होती. जमिनीत इतकी वर्षं काकवी मुरलेली की उन्हाळ्यात तिथे गुळाचा वास यायचा आणि मुंग्यांची रांग कधी तुटायची नाही. तिथे ह्यांनी संसार मांडला. फळ्या बदलायच्या, फळ्यांना आतून धरणाऱ्या बरगड्या वाफेवर वाकवायच्या, तांब्याचे खिळे ठोकायचे, घासायचं, वॉर्निश द्यायचं, पुन्हा घासायचं. एक होडी उभी राहायला वर्ष जायचं, कधी जास्तच. मग तिच्यासाठी माणूस शोधायचा. अट एकच, त्याच्याकडे पाणी हवं. तलाव, धरणाचा फुगवटा, काहीही, पण होडी पाण्यात राहिली पाहिजे. येणाऱ्या माणसाची ते अशी उलटतपासणी घ्यायचे, तेवढी आमच्या जावयाचीसुद्धा घेतली नव्हती. तरी माणसं मिळत गेली. होड्या गेल्या. नवीन जुन्या आल्या.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तीस वर्षं काम केलं. रक्ताच्या नळ्यांमध्ये मला गती, होड्यांमध्ये नाही. कधीतरी रविवारी डबा घेऊन मांजरीला जायचे, हे काय करतात ते बघायचे, वॉर्निशच्या वासाने डोकं चढलं की बाहेर उसाच्या कडेला जाऊन बसायचे. एवढाच माझा संबंध.

झटका आला तोही शेडमध्येच. शेतकरी दादा पाण्याची पाळी द्यायला आले होते. त्यांना हे होडीला टेकून बसलेले दिसले, हातात ब्रश तसाच. त्यांनीच गाडीत घालून दवाखान्यात आणलं. त्यामुळे पुढे ते जे सांगायला आले त्यावर मला रागावताही आलं नाही.

ते घरी आले, ह्यांच्या पायाशी स्टूल ओढून बसले. चहा झाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, पोरांनी जागा बिल्डरला दिली. माझं काय चाललं न्हाई. समदीकडं बिल्डिंगी झाल्या, आमचाच तुकडा मधी राह्यला हाय म्हनत्यात. दिवाळीपत्तुर शेडला कोन हात लावनार न्हाई, येवढं मी बोलून घेतलंय. पुढचं माझ्या हातात न्हाई."

"अहो दादा, तुम्ही काय कराल," मी म्हटलं.

हे म्हणाले, "नाही." मग पुन्हा, "नाही, नाही." दादांनी ह्यांचा हात हातात घेतला. दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत बसले. मला उठून कप उचलायचंही सुचेना.

शेडमध्ये तेव्हा तीन होड्या होत्या. मी भाईंना घेऊन बघायला गेले. एक शर्यतीची, चौघांची, कणसासारखी निमुळती आणि इतकी लांब की शेडच्या दोन्ही टोकांना पुरलेली. ती पूर्ण झाली होती. दुसरी दोघांना बसायची, सागवानी, सुबक, तिलाही शेवटचा हात देऊन झालेला. झटका आला तेव्हा हातातला ब्रश तिचाच होता. आणि तिसरी रुंद, बुटकी, अर्धवट. एका बाजूच्या फळ्या नव्या, दुसऱ्या बाजूच्या जुन्या काळ्या.

भाईंनी सगळ्यांवरून हात फिरवला. म्हणाले, "भाभी, लाकूड फर्स्ट क्लास आहे. पण मी लाकूड विकतो. होडीतलं मला काही समजत नाही. साहेबांना विचारायला पाहिजे."

विचारायला पाहिजे. हे वाक्य तेव्हापासून किती जणांनी मला ऐकवलं.

मी तिन्ही होड्यांचे फोटो काढले. मुलीने बेंगळुरूहून बसल्या बसल्या इंग्रजीत मजकूर करून दिला आणि तो कुठल्या कुठल्या ग्रुपवर टाकला. फोन यायला लागले. एकाला होडी मधोमध कापून दिवाणखान्यात पुस्तकांचं कपाट म्हणून उभी करायची होती. एकाला लग्नाच्या हॉलमध्ये सॅलड मांडायला हवी होती, बर्फ ठेवला तर गळेल का, असं विचारत होता. एका बाईंना होडीत बसून बाळंतपणाआधीचे फोटो काढून घ्यायचे होते, तेवढ्यापुरतीच द्याल का, म्हणाल्या. मी प्रत्येकाला विचारायचे, "तुमच्याकडे पाणी आहे का?" "पाणी? कॉर्पोरेशनचं आहे की," एकजण म्हणाला.

प्रत्येक फोन झाला की मी ह्यांच्यासमोर बसायची आणि सगळं सांगायची. ते ऐकायचे आणि म्हणायचे, "नाही." पहिल्या पहिल्यांदा मला बरं वाटलं. सॅलडवाल्याला नाही, कपाटवाल्याला नाही. म्हटलं, चला, निदान ह्या बाबतीत तरी आमचं एकमत आहे. मग एके दिवशी मी मुद्दाम खोटंच सांगितलं. "एक माणूस आहे, भोरकडे त्याचा स्वतःचा तलाव आहे, रोज सकाळी वल्ही मारतो, होडी जिवापाड जपेन म्हणतो. देऊ?" हे माझ्याकडे एकटक बघत राहिले. "नाही," म्हणाले. आणि ओठ थरथरायला लागले. मला तेव्हा जे कळलं ते असं, की मला काहीच कळणार नाहीये.

शर्यतीची होडी पहिली गेली. बाणेरला एक नवीन कॅफे निघत होता, तिथल्या दोन मुलांनी येऊन बघितली. वागायला चांगली होती मुलं. म्हणाली, कापणार नाही, रंगवणार नाही, छताला उलटी टांगू, खाली दिवे सोडू. एवढी लांब होडी पाण्यात घालणारं दुसरं कुणी विचारायलाही आलं नव्हतं, आणि बिल्डरच्या माणसांनी शेडच्या मागून कुंपणाचे खांब पुरायला सुरुवात केली होती. मी दिली. ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. आता ह्याचा अर्थ काढायचा तर काढता येतो. पण दुपारी झोपताना ते रोजच भिंतीकडे वळायचे.

दुसऱ्या होडीच्या वेळी मात्र नशिबाने हात दिला असं मला वाटलं. हाडांचे एक निवृत्त डॉक्टर होते, पानशेतच्या पाण्याकाठी त्यांचं घर होतं. नवरा-बायको दोघं घरी आले. डॉक्टरांनी आधी ह्यांना नमस्कार केला, शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि माझ्याशी न बोलता ह्यांच्याशीच बोलले. लहानपणी ते कोकणात मामाकडे होडी चालवायचे. "मी ती पाण्यात ठेवीन, तुम्ही कधीही येऊन बघा," असं म्हणाले. ह्यांनी डाव्या हाताने त्यांचा हात धरला आणि सोडेचनात. "नाही," म्हणाले, पण किती मऊ आवाजात. मी म्हटलं, हे 'हो' आहे. ह्यापेक्षा स्पष्ट 'हो' मला मिळणार नाही.

होडी नेली त्या रविवारी आम्हीही गेलो. भाईंनी गाडी काढली. ह्यांना मी इस्त्रीचा शर्ट घातला. डॉक्टरांच्या घरापुढे हिरवळ उतरत उतरत पाण्यापर्यंत गेलेली. ह्यांची चाकाची खुर्ची काठाजवळ नेऊन ठेवली. डॉक्टरांच्या बायकोने नारळ फोडला, होडीच्या नाकाला कुंकू लावलं. गड्यांनी होडी अलगद पाण्यात सोडली. ऊन पडलं होतं, वॉर्निश नुसतं चमकत होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा इतका शांत, की झटक्यानंतर असा मी बघितलाच नव्हता.

डॉक्टर आत बसले. वल्ही लावली. दोन-तीन हात मारले असतील, आणि त्यांनी खाली बघितलं. पाणी येत होतं. एका ठिकाणाहून नाही, सगळ्या सांध्यांतून, घाम फुटावा तसं. बघता बघता त्यांचे बूट बुडाले. काठावरून त्यांच्या बायकोने ओरडायला सुरुवात केली, "अहो, उतरा! आधी उतरा!" पाणी कमरेएवढंच होतं, डॉक्टर उतरले. गडी धावले, होडी ओढायला लागले.

"नाही!"

एवढ्या मोठ्याने ह्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. "नाही! नाही! नाही!" खुर्चीच्या हातावर मूठ आपटत होते. डॉक्टर ओलेचिंब, धापा टाकत म्हणाले, "बरोबर आहे काका, बरोबर आहे. काहीतरी राहिलंय हिचं. काढतोय आम्ही बाहेर, काळजी करू नका."

"नाही!"

"अहो, काढतायत ना ते," मी म्हटलं. "शांत व्हा. बघा, आली बाहेर."

त्यांनी डाव्या हाताने खुर्चीचं चाक धरलं आणि जोर लावला. खुर्ची उतारावर होती, सरळ पाण्याच्या दिशेने निघाली. भाईंनी झेप घेऊन धरली, मी ब्रेक लावला. दोघांनी मिळून त्यांना धरून ठेवलं. आणि समोर चार माणसांनी होडी दगडांवरून खरवडत वर आणली, पालथी केली, उन्हात ठेवली. "चांगली वाळू दे," डॉक्टर म्हणाले. "मग बघू काय करायचं ते."

हे ओरडायचे थांबले. मान खाली घातली. परतीच्या वाटेवर एकदाही 'नाही' म्हणाले नाहीत.

त्यानंतर त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं. वाचेच्या बाईंकडे नेलं तर तोंड उघडेनात. मला वाटलं, आपल्या हातची होडी सगळ्यांसमोर बुडाली, त्याची लाज वाटली असेल. इतकी मेहनत, आणि शेवटी कामात खोट निघाली. मी आपली समजूत घालत होते, "होतं असं कधीकधी, माणूस आहे." ते माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की मी बोलणं अर्ध्यावर टाकायची.

मग एका सकाळी मी उसळीसाठी वाटाणे भिजवले होते ते उपसत होते. हे खुर्ची रेटत रेटत स्वयंपाकघराच्या दारात आले. असे स्वतःहून कधी येत नसत. ओट्याजवळ आले, वाटाण्यांकडे बघितलं, मग वरच्या फळीकडे बोट केलं. मी एकेक डबा काढून दाखवत गेले. साखर, नाही. पोहे, नाही. कोरड्या वाटाण्यांचा डबा आला तेव्हा त्यांनी तो हिसकावलाच. त्यातला एक कोरडा वाटाणा माझ्या तळहातावर ठेवला. मग एक भिजलेला काढून त्याच्या शेजारी ठेवला.

"नाही," म्हणाले.

"हो, फुगलाय," मी म्हटलं.

ते थांबले. मग भिजलेल्यांतले बरेचसे मुठीत घेतले आणि मूठ आवळून माझ्यापुढे धरली. मधे फट नाही, काही नाही. मग कोरडे घेतले, ते बोटांच्या फटींतून घरंगळून फरशीवर पडले.

मला मांजरीचा एक रविवार आठवला. मी डबा घेऊन गेले होते आणि शेततळ्यात होडी काठोकाठ बुडालेली, आणि हे काठावर पाय सोडून मजेत बसलेले. मी घाबरून म्हटलं, अहो, बुडाली की! तर म्हणाले होते, "बुडाली नाही, पाणी पितेय. लाकूड फुगलं की सांधे आपोआप मिटतात. चार-आठ दिवस पिऊ दे पोटभर." मी बरं म्हटलं होतं आणि डबा उघडला होता.

काठावर त्या दिवशी हे एकच सांगायचं होतं त्यांना. काढू नका, राहू दे तिथेच. आणि ते सांगायला त्यांच्याजवळ जो शब्द होता, तो तर त्यांनी घसा फोडून सांगितला होता.

मी ओल्या हातांनीच डॉक्टरांना फोन लावला. माझं बोलणं सुरू व्हायच्या आत तेच म्हणाले, "अहो, मी आजच फोन करणार होतो तुम्हाला! होडी तरंगली!"

"कशी?"

"आमच्याकडे पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारा एक माणूस आहे. चांगली वाळवली, मग सगळ्या फटी त्याने घट्ट बुजवून टाकल्या, खालून फायबरचा थर दिला. दगडासारखं झालंय. थेंब येत नाही आत! काकांना सांगा, त्यांच्या होडीला काही झालेलं नाही."

त्यांनी व्हिडिओही पाठवला. संथ पाण्यावर डॉक्टर वल्ही मारतायत, मागे त्यांच्या बायकोचा हसण्याचा आवाज. मी तो ह्यांना दाखवला. ह्यांनी पूर्ण बघितला. पुन्हा लावायला लावला. मग डोळे मिटून घेतले.

भाईंना विचारलं तर म्हणाले, "भाभी, लाकडाला पाणी लागणारच. आतून लागेल, वरून लागेल. पावसाळ्यात दरवाजा फुगतो आणि चौकटीत अडकतो, बघितलंय ना? त्याला फुगायला जागा पाहिजे. ती जागाच बुजवून टाकली असेल तर..."

मी डॉक्टरांना हेही सांगून बघितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "पण आता छान चाललीय ना?" असं म्हणाले. चांगल्या माणसाशी भांडता येत नाही. आणि मी काय सांगणार होते, माझ्या नवऱ्याने मला वाटाणे दाखवले म्हणून?

पावसाळ्यानंतर त्यांचाच फोन आला. आवाज पडलेला. "काल बसलो होतो तिच्यात. आतून टणकन आवाज झाला. मग दुसरा. अहो, जन्मभर हाडं बघितली मी, मला तो आवाज लगेच ओळखू आला. बरगड्या गेल्या तिच्या. एका बाजूच्या सगळ्या." थोडं थांबून म्हणाले, "काकांना विचाराल का, काही करता येईल का?"

मी विचारलं नाही. हे अजून रोज संध्याकाळी माझ्या फोनकडे बोट करायचे आणि मी तो जुना व्हिडिओ लावायची. तसाच लावत राहिले. डॉक्टरांनी होडी बागेत एका कोपऱ्यात ठेवलीय, असं नंतर कळलं.

आता तिसरी, अर्धवट राहिलेली. दिवाळी आठवड्यावर आली होती. दादांच्या मुलांचे दोनदा निरोप येऊन गेले होते, नम्रपणे, पण निरोपच. पलीकडच्या तुकड्यावर जेसीबी चालू झाला होता. मी दादांना विचारून बोअरचा पाइप शेडमध्ये ओढला आणि होडी पाण्याने भरून ठेवली. खालून ती भसाभसा गळायची, मी पुन्हा भरायची. वरून ओली गोणपाटं टाकली. अर्धी जुनी, अर्धी नवी होडी, तिला ह्याचा काही उपयोग होता की नाही, मला ठाऊक नाही. पण रिक्षा करून मी विश्रांतवाडीहून मांजरीला पाणी भरायला जात होते. दादांची सूनबाई म्हणाली, "काकू, मी भरीन, तुमी कशाला येता?" तरी मी गेलेच.

दादांच्याच एका पाव्हण्याच्या ओळखीने भिगवणहून एक नाववाला आला. धरणाच्या पाण्यात पक्षी बघायला येणाऱ्या लोकांना तो फिरवायचा. चाळिशीचा, उन्हाने रापलेला. होडीभोवती फिरला, आत हात घातला, ठोकून बघितलं. मी ह्यांनाही घेऊन आले होते त्या दिवशी. म्हटलं, काही झालं तरी त्यांच्या समोर होऊ दे.

"रुंद हाय, बेस हाय," तो म्हणाला. "पन ताई, आधीच सांगतो, मागनं खोटं नको. हिची मागची बाजू कापनार मी. तिथं मोटर बसवनार. आतली बाकडी काढून मोठी टाकनार. जुन्या फळ्यांवर पत्रा मारीन. रंग आमचा नेहमीचा, निळा. चालंल का?"

मी ह्यांच्याकडे वळले. "अहो, ऐकलंत? पाण्यात राहील. रोज चालेल. पण मागून कापणार म्हणतायत, मोटर लावणार. देऊ?"

"नाही," हे म्हणाले.

नाववाला म्हणाला, "नको म्हनत्यात."

"त्यांना तेवढंच येतं," मी म्हटलं.

"मंग?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नाववाला, दादा, टेम्पोवाला, दारात उभी असलेली सूनबाई. मी ह्यांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसले. वाचेच्या बाईंनी सांगितलेलं सगळं करून बघितलं. हो असेल तर माझा हात दाबा. ह्यांनी दाबला. नको असेल तर दाबा. ह्यांनी दाबला. त्यांच्या डोळ्यांत बघितलं, तर ते मलाच काहीतरी विचारत होते असं वाटलं. पलीकडे जेसीबीने दगड उचलून ट्रकमध्ये टाकला, शेडचा पत्रा हादरला.

"घेऊन जा," मी म्हटलं.

माणसांनी होडी उचलली तेव्हा ह्यांनी तिची कड डाव्या हाताने धरलेली होती. आमची खुर्ची जरा उतारावर होती, तोल सांभाळायलाही धरली असेल. मी एकेक बोट सोडवलं. बोटांनी फार जोर केला नाही. टेम्पो निघाला, उसाच्या फडामागून वळला. हे त्या दिशेने बघत होते, दादा ह्यांच्याकडे, आणि मी खाली, होडी होती तिथल्या चिखलाकडे. मुंग्या पाण्यात तरंगत होत्या.

शेड दिवाळीनंतर लगेच पाडली. मी बघायला गेले नाही. हत्यारं भाईंच्या वखारीत आहेत, सांभाळून ठेवतो म्हणाले, कुणासाठी ते आम्ही दोघंही बोललो नाही.

थंडीत नाववाल्याने फोटो पाठवला. होडी निळी झाली होती, कडेला नारिंगी पट्टा. दुर्बिणी लावलेली पाच-सहा माणसं आत बसलेली, मागे मोटर, आणि लांबवर पाण्यात पांढऱ्या-गुलाबी पक्ष्यांची रांग. खाली लिहिलं होतं, 'चांगली चालते. थोडं पानी येतं, बाकी काय नाय.'

ह्यांचं जेवण व्हायचं होतं. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी डाव्या अंगठ्याने फोटो मोठा केला. आधी मोटर होती तिथे गेले, तिथे बराच वेळ थांबले. मग बोट हळूहळू सरकवत पुढच्या टोकापर्यंत नेलं, त्या बाजूच्या फळ्या त्यांच्या हातच्या होत्या. काहीतरी म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी फोन पालथा करून छातीवर ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसून राहिले.

बरं वाटलं म्हणून, की सहन झालं नाही म्हणून, मला सांगता येणार नाही. मी आमटी गरम करायला उठले.